मल्टिमीटरची लाल वायर: एका संस्थेच्या पानांवरचे फोटो निवडताना

संस्था लहान आहे. घरगुती वायरिंग, पंपदुरुस्ती आणि शिलाई मशीनची दुरुस्ती असे तीन अभ्यासक्रम चालवते. वेबसाइट चौदा पानांची. माझ्याकडे काम आलं ते एका ओळीचं: "साइट फार हळू उघडते, तेवढं बघा."

पहिल्या पानावर आठ फोटोंचा फिरता पट्टा होता. आठही फोटो फोनमधून निघाले तसेच चढवलेले, ४००० बाय ३००० पिक्सेलचे, एकेक सरासरी पाच एमबीचा. म्हणजे फोटोंचाच भार ४० एमबी. फोनला ४ एमबीपीएसचं नेट मिळत असेल तर सेकंदाला अर्धा एमबी येतो, कारण नेटचा वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइलचं वजन बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. चाळीस एमबीला ८० सेकंद. इतका वेळ मीही थांबत नाही.

बरं, एवढं ओढून आणून त्यातलं दिसत किती होतं? साधारण फोनचा पडदा आडवा १०८० पिक्सेलचा. ४००० चा फोटो त्यात बसवताना रुंदी पावणेचार पटींनी आणि उंचीही तेवढीच कमी होते. म्हणजे आलेल्या दर चौदा पिक्सेलपैकी तेरा फेकून देण्यासाठीच आलेले.

हे काम त्याच संध्याकाळी उरकलं. आठही फोटो १६०० रुंदीचे केले, जेपेगची क्वालिटी ७५ ला ठेवली आणि पान दोन एमबीच्या आत आलं. साइट पळायला लागली आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. आतापर्यंत पहिल्या फोटोच्या पुढचं कुणी पाहिलंच नव्हतं. आता आठही फोटो झरझर दिसायला लागले, आणि बघवेनात.

एकात पाहुणे प्रमाणपत्र देतायत. एकात तेच पाहुणे माइकसमोर. एकात श्रोत्यांच्या पाठी. एकात इमारत, रस्त्याच्या पलीकडून काढलेली, मध्ये विजेचा खांब. एकात नुसतं कापडी बॅनर. एकात डोक्यावर पिवळं हेल्मेट, हाताची घडी आणि पांढरेशुभ्र दात असलेला कुणी परका इंजिनिअर. एक शिलाई मशीनचा, पण हललेला. आणि सगळ्यात पुढे, मानाच्या जागी, ४३ जणांचा ग्रुप फोटो.

दुरुस्ती शिकवणाऱ्या संस्थेच्या पहिल्या पानावर आठ फोटो, आणि एकातही कुणी काही दुरुस्त करताना नाही.

नोंदीचे फोटो

कार्यालयातल्या मुलाने मला सगळं फोल्डर दिलं. हजाराच्या वर फोटो. बसून चाळले तेव्हा लक्षात आलं की यात चूक कुणाचीच नाही. हे फोटो काढले होते अहवालासाठी. कार्यक्रम झाला, पाहुणे आले, बॅनरवरची तारीख वाचता येते, खुर्च्या भरलेल्या आहेत, एवढं देणगीदाराला दिसलं की फोटोचं काम झालं. नोंद म्हणून ते चोख आहेत. पण साइटवर येणाऱ्या माणसाला कार्यक्रम झाला की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला स्वतःचं काहीतरी बघायचं असतं.

ते 'काहीतरी' काय, हे मला ज्यांनी सांगितलं ते काका संस्थेचा फोन सांभाळतात. ते पूर्ण अंध आहेत. फोटोंच्या कामात त्यांना कशाला विचारायचं, असं कुणाच्याही मनात येईल. माझ्याही मनात आलंच होतं. पण चौकशीचे फोन सगळे तेच घेतात. मी विचारलं, "काका, वायरिंगच्या कोर्ससाठी लोक फोन करतात तेव्हा काय काय विचारतात?" त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. हात लावायला मिळतो का, की नुसतं बघत बसायचं? एका वर्गात किती जण? बायका असतात का? हत्यारं आपली आणायची का? फी किती, हे सगळ्यात शेवटी.

फी सोडली तर चार प्रश्न. चारही असे की दोन वाक्यांत उत्तर दिलं तरी ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही, आणि एक फोटो दाखवला की पुढे बोलावं लागत नाही. त्या चार ओळी मी कागदावर लिहिल्या आणि फोल्डर पुन्हा पहिल्यापासून चाळलं. या वेळी सुंदर फोटो शोधत नव्हते, उत्तर शोधत होते. हजारातून अकरा निघाले.

ग्रुप फोटोचं काय करायचं

संस्थेच्या सचिव, सगळे त्यांना ताई म्हणतात, बाकी सगळ्याला तयार झाल्या. ग्रुप फोटोला मात्र नाही. "अहो, त्यात सगळे आहेत. संस्थेची पहिल्यापासूनची माणसं आहेत. तोच काढायचा म्हणता?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "ताई, यात तुम्ही कुठे आहात ते दाखवा." त्या फोटोत तीन रांगा आहेत, एका रांगेत चौदा-पंधरा जण. फोनचा पडदा सहा-साडेसहा सेंटिमीटर रुंद. एका माणसाच्या वाट्याला चार मिलिमीटर येतात आणि चेहरा त्याच्याही निम्मा. ताईंनी चष्मा वर केला, खाली केला, फोन लांब धरला. मग म्हणाल्या, "मधल्या रांगेत असेन." त्या पुढच्या रांगेत होत्या.

तरीही त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या फोटोत असलेल्या ४३ जणांना तो बघायचाच असतो, आणि ते तो मोठा करून बघतात. म्हणून तो काढला नाही, हलवला. वार्षिक अहवालाच्या पानावर गेला, खाली रांगेनुसार नावं, आणि दाबलं की मोठी प्रत उघडते. हा एकच फोटो आम्ही २४०० रुंदीचा ठेवलाय. पहिल्या पानावरचा फिरता पट्टाही गेला. तिथे आता एकच फोटो असतो. ताईंना तो पट्टा अजून आठवतो. "पान हलत नाही हो आता," असं त्या अधूनमधून म्हणतात.

हेल्मेटवाला इंजिनिअर

तो कुठून आला, याचं उत्तर कार्यालयातल्या मुलाने प्रामाणिकपणे दिलं: "गुगलवरून घेतला." गुगल फोटो दाखवतं, देत नाही, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. फोटो ज्याने काढला त्याचा हक्क फोटो काढल्या क्षणापासून असतो. खाली © हे चिन्ह नाही म्हणून तो फुकट होत नाही. फोटोवरूनच शोध घेऊन (याला 'रिव्हर्स सर्च' म्हणतात) मूळ मालक सापडतो का ते पाहिलं. तोच चेहरा पाच-सहा साइटवर भेटला, कुठे बांधकाम कंपनीचा, कुठे विम्याचा. मालकाचा पत्ता नाही, म्हणून फोटो उतरवला.

त्या निमित्ताने क्रिएटिव्ह कॉमन्सबद्दल, म्हणजे मालकाने ठरवलेल्या अटींवर फोटो वापरू देणाऱ्या 'सीसी' परवान्यांबद्दल, बोलणं झालं. या परवान्यांची पहिली आवृत्ती २००२ च्या अखेरीस आली, तरी 'सीसी म्हणजे फुकट' एवढीच समजूत सगळीकडे आहे. 'बीवाय' असेल तर नाव द्यावंच लागतं: फोटोचं शीर्षक, काढणाऱ्याचं नाव, मूळ जागेचा दुवा आणि परवान्याचं नाव. 'एनसी' असेल तर व्यापारी कामाला चालत नाही. 'एनडी' असेल तर बदल करून पुढे देता येत नाही. 'सीसी झीरो' मध्ये मात्र मालकाने आपले हक्क जमेल तितके सोडून दिलेले असतात. हे सगळं पाठ करण्यापेक्षा मी त्या मुलाला एक सवय लावली. बाहेरचा फोटो उतरवून घेतला की त्याच क्षणी त्याचा दुवा, परवाना आणि तारीख शेजारच्या वहीत लिहायची. सहा महिन्यांनी ते शोधायला बसलं तर सापडत नाही.

समितीतल्या एका सदस्याने एआयकडून चित्रं करून घेऊया असं सुचवलं आणि दोन करूनही आणली. दिसायला झकास होती. फक्त स्विचबोर्डमधून निघालेल्या वायरी कुठेच जात नव्हत्या. आणि त्या बरोबर गेल्या असत्या, तरी 'आमची कार्यशाळा' असं लिहून खाली नसलेली कार्यशाळा दाखवणं मला पटलं नसतं. तो विषय तिथेच संपला.

मल्टिमीटर

वायरिंगच्या पानासाठी मी निवडलेला फोटो माझ्या मते अकरांत पहिला होता. एक मुलगी भिंतीवरच्या सराव-बोर्डसमोर उभी. खिडकीचा उजेड डावीकडून. एका हातात मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, प्रवाह वगैरे मोजायचं यंत्र, दुसऱ्या हातातला प्रोब (वायरीच्या टोकाची मोजणीची सळई) टर्मिनलला लावलेला, आणि तिची नजर मीटरच्या आकड्यावर. मागे आणखी दोघी, धूसर. हात लावायला मिळतो का, बायका असतात का, दोन्ही प्रश्नांची उत्तरं एका फोटोत. मी तो पानावर लावून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी वायरिंग शिकवणाऱ्या सरांचा फोन. "फोटो उतरवा."

मला वाटलं, मुलीच्या घरच्यांची काही तक्रार आली असेल. सर म्हणाले, "मोठा करून बघा. डायल व्होल्टवर आहे आणि लाल वायर कुठल्या भोकात आहे?" मी मोठा केला. लाल वायर '१० ए' लिहिलेल्या भोकात होती. मला त्यातलं काही कळलं नाही. सरांनी समजावलं. ते भोक प्रवाह मोजण्यासाठी असतं. तिथे आतला रोध जवळजवळ शून्य. त्या भोकात वायर ठेवून चालू लाइनचं व्होल्टेज मोजायला गेलं की मीटर स्वतःच शॉर्ट सर्किट होतो. नशीब असेल तर फ्यूज उडतो, नसेल तर मीटर हातात फुटतो. "पहिल्या आठवड्यात मी हेच शिकवतो. आणि साइटवर याच चुकीचा फोटो, खाली माझं नाव!"

तो बोर्ड त्या वेळी बंद होता आणि मुलीने फोटोसाठी मीटर नुसताच उचलला होता, हे नंतर कळलं. पण बघणाऱ्याला ते कुठून कळणार? शिवाय बघणाऱ्यांत नुसते नवखे नसतात. कामं देणारे ठेकेदारही साइट बघतात, आणि त्यांची नजर पहिली त्या भोकावर जाते. उजेड, चौकट, चेहऱ्यावरचा भाव असं मी जे जे तपासलं होतं, ते सगळं बरोबर होतं. फोटो तेवढा चुकीचा होता.

उरलेले दहा फोटो सरांसमोर ठेवले. त्यांनी आणखी तीन बाद केले: एकात चपला घालून शिडीवर चढलेला मुलगा, एकात पंपाचं कव्हर उघडं आणि प्लग बोर्डला तसाच लावलेला, एकात स्क्रू ड्रायव्हरचा छिन्नीसारखा वापर. शिलाई मशीनच्या बाईंनी एक बाद केला, कारण मशीनची सुई मोडलेली होती. राहिले सहा. कमी पडत होते, म्हणून एक दिवस ठरवून नवे फोटो काढले. सर शेजारी उभे राहिले. कुणाला हसा म्हटलं नाही, कॅमेऱ्याकडे बघा म्हटलं नाही. नेहमीचा वर्ग चालू होता आणि मी खिडकीच्या बाजूला पाठ करून उभी होते. फ्लॅश बंद. दीड तासात जेवढं मिळालं, तेवढं मागच्या हजारात नव्हतं.

वायरीचे रंग

नव्या फोटोंवर सरांची पुन्हा एक हरकत. "लाल वायर विटकी का दिसतेय? आमच्याकडे रंग म्हणजे शोभा नाही, रंगावरून वायर ओळखायची असते."

हा दोष सरळ माझा. ज्या फोनवर फोटो काढले तो 'डिस्प्ले पी३' नावाच्या रंगपटात फोटो साठवतो. हा रंगपट वेबवर सर्रास गृहीत धरल्या जाणाऱ्या एसआरजीबीपेक्षा मोठा. फाइलीत एक छोटी नोंद असते, रंग-प्रोफाइल, ती ब्राउझरला सांगते की हे आकडे पी३ मधले आहेत. मी वजन कमी करताना फाइलीतली 'जास्तीची माहिती' काढून टाकणारं बटण दाबलं, त्यात ती नोंदही गेली. ब्राउझरने तेच आकडे एसआरजीबीचे समजून वाचले आणि रंग फिके पडले. आधी फोटो एसआरजीबीत रूपांतरित करायचा आणि मगच नोंदी पुसायच्या, हा क्रम मला माहीत होता. घाईत उलटा झाला.

याच क्रमाची आणखी एक गंमत तीन फोटोंत झाली: ते आडवे पडले. फोन उभा धरून फोटो काढला तरी पुष्कळदा फाइलीत तो आडवाच साठवला जातो आणि 'दाखवताना फिरवा' अशी सूचना एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फाइलीत लिहून ठेवतो त्या नोंदींत, लिहिली जाते. एक्झिफ पुसलं की सूचना गेली. आधी खरोखर फिरवायचा, मग पुसायचं.

मग एक्झिफ पुसायचंच कशाला, असं कार्यालयातल्या मुलाने विचारलं. प्रश्न रास्त होता. त्याला फोल्डरमधला एक जुना फोटो उघडून दाखवला. एका माजी विद्यार्थिनीच्या घरी जाऊन काढलेला, तिच्या छोट्याशा दुरुस्तीच्या टेबलाचा. एक्झिफमध्ये अक्षांश-रेखांश होते. नकाशावर टाकले, तर टाचणी थेट तिच्या घरावर. तो फोटो गेली काही वर्षं साइटवर होता. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आलेल्या फाइलीत ही माहिती राहत नाही, पण तिथे फोटोचा आकार घटतो आणि तो पुन्हा दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फोटो मूळ येतो, आणि पत्ताही सोबत येतो. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणूनच मागवायचा आणि पुसण्याचं काम आपण करायचं.

'काढू का' आणि 'लावू का'

मल्टिमीटरवाल्या मुलीला मी फोटो उतरवल्याचं सांगायला गेले, तर ती म्हणाली, "बरं झालं. मला माहीतच नव्हतं लावलाय ते." फोटो काढताना तिला विचारलं होतं. वेबसाइटवर लावू का, हे विचारलं नव्हतं. फोटो काढायला दिलेला होकार तेवढ्यापुरता असतो. वर्गातल्या आठवणीला हो म्हणणारं माणूस जगाला दाखवायला हो म्हणेलच असं नाही. आता एक साधा कागद आहे. त्यात साइट, छापील पत्रक आणि समाजमाध्यमं अशा तीन वेगळ्या चौकटी आहेत, ज्याला जी चालेल तिथे खूण करायची. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची सही. आणि खाली ठळक: केव्हाही नाही म्हणता येईल.

नाही म्हटल्यावर फोटो उतरवणं वाटतं तितकं सोपं नसतं. साइट वर्डप्रेस या साइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर आहे. पानातून फोटो काढला तरी फाइल सर्व्हरवर तशीच राहते आणि थेट पत्ता टाकला की उघडते. शिवाय वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या लहानमोठ्या प्रती करून ठेवतो. २०१९ पासून फार मोठा फोटो आला तर २५६० पिक्सेलची प्रत वापरतो आणि मूळ फाइल बाजूला जपून ठेवतो. म्हणून मीडिया लायब्ररीतूनच कायमचा काढायचा आणि मग थेट पत्ता टाकून खात्री करायची. त्या मुलीचा फोटो अशा प्रकारे पाच आकारांत सापडला.

काका ऐकतात

आता काकांना पान ऐकायला बसवलं. ते स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, वापरतात. हेडफोन काढून त्यांनी आवाज मोठा केला. "ग्राफिक. आय एम जी अंडरस्कोर दोन शून्य दोन तीन…" आकड्यांची ती माळ संपेपर्यंत सगळे गप्प. असं सहा वेळा. काका म्हणाले, "मला वाटायचं साइट बिघडलीये. म्हणून मी ती ऐकतच नाही."

फोटोला ऑल्ट मजकूर, म्हणजे फोटोऐवजी वाचून दाखवायचं वर्णन, दिलेला नसला की बरेचदा फाइलीचं नाव वाचलं जातं. मी घाईने मजकूर भरला: "प्रशिक्षणार्थी काम करताना". काकांनी ऐकलं आणि विचारलं, "काय काम?" मग मी भरभरून लिहिलं, खिडकी, उजेड, निळा कुडता, सगळं. ते अर्ध्यातच पुढे गेले. तिसऱ्यांदा जमलं: "दोन मुली सराव-बोर्डवर मल्टिमीटरने व्होल्टेज तपासत आहेत, सर शेजारी उभे आहेत." 'चे छायाचित्र' हे शब्द काकांनीच गाळायला लावले. ग्राफिक आहे हे यंत्र आधीच सांगतं, मग पुन्हा कशाला? नुसत्या शोभेच्या रेघा आणि कोपऱ्यातली नक्षी यांना रिकामा ऑल्ट दिला. ऑल्ट रिकामा ठेवणं वेगळं आणि अजिबात न लिहिणं वेगळं. रिकामा असेल तर यंत्र गपचूप पुढे जातं. आणि एक भलतीच गोष्ट सापडली. पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी नोंदवलेली होती, त्यामुळे मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या गळ्यात अडकत होता. तिथे मराठीचा कोड टाकला, एवढंच, आणि काकांचा चेहरा उजळला.

वेळापत्रकाच्या पानावर मात्र ते थांबले. "इथे नुसतं ग्राफिक म्हणतोय. वेळा कुठायत?" वेळा चित्रात होत्या. डीटीपीवाल्याने केलेलं रंगीत पोस्टर, त्यात वार, वेळ, फी, फोन नंबर, सगळं. मजकूर म्हणून टाकायचा प्रयत्न पूर्वी झाला होता, पण फाइल युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये होती. तिथून मराठी उचललं की रोमन अक्षरांचा कचरा उतरायचा, म्हणून शेवटी चित्रच चढवलं. ते चित्र काकांना ऐकू येत नव्हतं, शोधयंत्राला वाचता येत नव्हतं, फोनवर मोठं केलं की अक्षरं फाटत होती आणि फोन नंबर दाबून फोन लागत नव्हता. सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत यावर वेगळं कलमच आहे, १.४.५: जे अक्षरांत लिहिता येतं ते चित्रात लिहू नये. मी तक्ता पुन्हा टाइप केला. वीस मिनिटं लागली. काकांचे वेळा विचारणारे फोन कमी झाले की नाही ते त्यांनाच विचारायला हवं, पण आता ते स्वतः फोनवर वेळा साइटवरून ऐकून सांगतात.

उरलेली तयारी

बाकी गोष्टी यंत्रवत आहेत. प्रत्येक फोटोच्या ४८०, ९६० आणि १६०० रुंदीच्या तीन प्रती, आणि कोणती घ्यायची ते ब्राउझरने ठरवायचं. फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहायचीच, नाहीतर फोटो येईपर्यंत जागा राखली जात नाही आणि वाचताना मजकूर खाली उडी मारतो. खालचे फोटो वाचक जवळ आल्यावर येऊ दे, पण वरच्या पहिल्या फोटोला तो नियम लावायचा नाही; मी लावून बसले होते आणि पान उघडल्यावर क्षणभर पांढरं दिसायचं. डीपीआय (इंचाला किती ठिपके) ७२ करायची गरज नाही. तो छपाईचा आकडा, पडद्याला फक्त पिक्सेल कळतात.

फोटोंसाठी वेबपी हा फाइल-प्रकार घेतला. एव्हिफ या दुसऱ्या प्रकारात वजन बहुधा आणखी उतरतं, पण कार्यालयातल्या संगणकावर ते नीट उघडत नव्हतं. जी फाइल त्या मुलाला उघडून दुरुस्त करता येत नाही ती मला तिथे नको होती. आयफोनवरून येणाऱ्या एचईआयसी फाइलींनी त्याला आधीच छळलं होतं. वायरिंगची आकृती मात्र एसव्हीजीत, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघांचं वर्णन साठवणाऱ्या प्रकारात, नव्याने काढली. जेपेग चित्राला आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत तोडून दाबतं आणि बहुतेक वेळा रंगांचा तपशील उजेड-अंधाराच्या तपशिलापेक्षा कमी ठेवतं. चेहऱ्याला ते खपतं, पण बारीक लाल रेघेभोवती माश्या घोंगावल्यासारखे ठिपके उठतात. एसव्हीजीत रेघ ही रेघच असते, कितीही मोठी करा.

फाइलींची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये आडवी रेघ. मराठी माणसाला हे टोचतं, मलाही. पण 'कार्यशाळा' या शब्दात नऊ युनिकोड चिन्हं आहेत आणि वेबपत्त्यात ती कोडमध्ये लिहिली की एकेकाची नऊ अक्षरं होतात. दुवा कॉपी करून पाठवला की एका शब्दाची एक्क्याऐंशी अक्षरांची शेपटी. मराठी ऑल्टमध्ये आणि फोटोखालच्या ओळीत हवी, तिथे ती कुणीतरी वाचतं.

कापणीचा घोळ अजून पूर्ण मिटलेला नाही. संगणकावर आडवा दिसणारा फोटो फोनवर उभा कापला जातो, आणि साइट कापताना मध्यभाग धरून कापते. सर कडेला उभे होते. त्यामुळे फोनवर बरेच दिवस सरांचा फक्त कोपर दिसत होता, आणि हे सरांनी सोडून सगळ्यांनी पाहिलं होतं. फोनसाठी वेगळी कापलेली प्रत दिली तेव्हा ते डोक्यासकट आले.

फोटो चढवण्याआधी आता तिघांकडून जातो. मुलगा परवानगीचा कागद बघतो, काका ऑल्ट ऐकतात, सर फोटो मोठा करून बघतात. परवा पंपाच्या वर्गाचा एक छान फोटो मी पाठवला होता. परवानगी होती, ऑल्ट पहिल्या फटक्यात पास झाला. सरांकडून संध्याकाळी उत्तर आलं: "गॉगल कपाळावर आहे. उद्या पुन्हा काढा."